लहानपणी काढलेले टॉन्सिल आणि पुढे होणारा एचपीव्हीचा घशाचा कर्करोग: संबंध नेमका कितपत?

पाऊलवाट (धागाकर्ता)

माझे टॉन्सिल मी 7 वर्षांचा असताना काढले गेले. त्या दिवसातले दोनच तुकडे आता लख्ख आठवतात: तोंडावर आलेला रबराच्या वासाचा मुखवटा, आणि जाग आल्यावर पहिला आवंढा गिळताना काच उतरावी तशी झालेली कळ. माझ्या थोरल्या भावाचे टॉन्सिल मात्र तसेच राहिले, कारण त्याला घसादुखीचा त्रास असा कधी झालाच नाही.

दोन महिन्यांपूर्वी दाढी करताना त्याच्या बोटांना जबड्याच्या कोनाखाली गोटीएवढी गाठ लागली. ती दुखत नव्हती, ताप नव्हता, आवाजही बदललेला नव्हता. अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स होऊनही ती हटेना, तेव्हा सुईने नमुना घेतला, मग स्कॅन झाले आणि निदान हाती आले: डाव्या टॉन्सिलचा कर्करोग, एचपीव्हीशी (ह्युमन पॅपिलोमा व्हायरस, मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरणारा विषाणू) निगडित. भाऊ 58 वर्षांचा आहे आणि त्याने तंबाखूला वा सिगारेटला कधी हात लावलेला नाही.

त्याचा इतिहास लिहून घेताना डॉक्टरांनी लहानपणी टॉन्सिल काढले होते का, असे विचारले. हा प्रश्न तिथे का आला, हे मला तेव्हा कळले नाही. नंतर वाचत गेलो तसे लक्षात आले की टॉन्सिल नसलेल्या माणसांत हा कर्करोग कमी आढळतो असे म्हणणारी संशोधने आहेत. मग मी स्वतःला सुरक्षित समजावे का? शिवाय भावाच्या 7 वर्षांच्या नातवाचा घसा गेल्या वर्षभरात चार वेळा सुजला, आणि आता घरात सगळ्यांचेच म्हणणे पडले आहे की त्याचे टॉन्सिल लगेच काढून टाकावेत, म्हणजे आजोबांची गत त्याच्या वाट्याला यायला नको. मला हे घाईचे वाटते, पण का घाईचे वाटते ते नीट सांगता येत नाही. जाणकारांनी लिहावे.

कंठमणी

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. आधी रचनेबद्दल लिहितो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तिच्यातच दडलेली आहेत.

तोंड उघडल्यावर पडजिभेच्या दोन्ही बाजूंना जे दोन गोळे दिसतात, त्यांनाच आपण टॉन्सिल म्हणतो. परंतु त्याच जातीच्या पेशीसमूहाचे एक पूर्ण कडे घशाच्या तोंडाशी असते. नाकाच्या मागे ॲडिनॉइड असतात, आणि जिभेच्या मुळाशी, आरशात कधीही न दिसणाऱ्या जागी, जिभेचे टॉन्सिल असतात. लहानपणच्या शस्त्रक्रियेत बाजूचे दोन गोळे, आणि कधी कधी त्यांच्या जोडीने ॲडिनॉइड, काढले जातात. जिभेच्या मुळाशी असलेल्या पेशीसमूहाला सहसा कोणी हात लावत नाही.

टॉन्सिलचा पृष्ठभाग गुळगुळीत नसतो. प्रत्येक टॉन्सिलमध्ये 10 ते 30 खोल खळगे असतात आणि ते आत जाऊन फाटे फोडतात. ज्यांच्या घशातून अधूनमधून दुर्गंधी येणारे पांढरे खडे निघतात, त्यांना या खळग्यांची ओळख वेगळी करून द्यायला नको. गालाच्या आतल्या बाजूचे अस्तर जाड आणि अखंड असते. या खळग्यांच्या तळाशी मात्र ते जाळीदार, विरळ आणि जागोजागी तुटलेले असते, कारण बाहेरून आलेल्या जंतूंची ओळख आतल्या रोगप्रतिकारक पेशींना तिथेच व्हावी, अशी ती सोय आहे. एचपीव्हीला अस्तराच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशी हव्या असतात. त्वचेत किंवा तोंडात त्यांच्यापर्यंत पोहोचायला त्याला एखादी सूक्ष्म जखम लागते, तर टॉन्सिलच्या खळग्यात ती वाट आयतीच उघडी असते. म्हणूनच घशातले एचपीव्हीचे कर्करोग बहुतांशी दोनच ठिकाणी होतात: बाजूच्या टॉन्सिलमध्ये आणि जिभेच्या मुळाशी.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. वयाच्या सातव्या वर्षी काढलेल्या टॉन्सिलमध्ये कर्करोगास कारणीभूत ठरणारा एचपीव्ही क्वचितच सापडतो. म्हणजे त्या शस्त्रक्रियेने विषाणू निघून गेला असे होत नाही, कारण तो तिथे बहुधा आलेलाच नसतो. निघून जाते ती, पुढे तारुण्यात तो आला असता तर त्याला रुजायला मिळाली असती ती जागा. तुमच्या घशात ती जागा निम्मी-अधिक गेली आहे, पण सगळी गेलेली नाही.

विदावेडा

कंठमणी यांनी जागेची गोष्ट सांगितली, मी आकड्यांची सांगतो. ती तिच्याशी बरीच जुळते.

या विषयावरचा सर्वांत भक्कम अभ्यास डेन्मार्कचा आहे. तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक असतो आणि रुग्णालयातल्या शस्त्रक्रियांची नोंद व कर्करोगाची नोंद त्या क्रमांकाने एकमेकींशी जोडता येते, त्यामुळे ‘तुमचे टॉन्सिल काढले होते का, आठवते का’ असे कोणाला विचारत बसावे लागत नाही. 1977 ते 2012 या काळातल्या नोंदींवर आधारलेला हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. टॉन्सिल काढलेल्यांमध्ये टॉन्सिलच्या कर्करोगाची सापेक्ष जोखीम 0.40 निघाली, म्हणजे इतरांच्या तुलनेत 60 टक्के कमी. तिची शक्य कक्षा 0.22 ते 0.70 अशी होती. वयाच्या साठीआधी होणाऱ्या टॉन्सिलच्या कर्करोगापुरते पाहिले तर हाच आकडा 0.15 वर आला. घशाच्या त्याच टापूतल्या इतर कर्करोगांवर मात्र टॉन्सिल काढण्याचा काहीही परिणाम दिसला नाही.

मला यातले शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. टॉन्सिल काढून घेणाऱ्या कुटुंबांची राहणी, शिक्षण किंवा सवयी वेगळ्या असतील आणि खरा फरक त्यांच्यामुळे पडत असेल, तर तो घशातल्या शेजारच्या कर्करोगांतही थोडाफार उतरायला हवा होता. तो उतरत नाही. फरक जिथला अवयव काढला तिथेच पडतो, शेजारी पडत नाही, आणि यामुळे कार्यकारणभावाचा दावा बळकट होतो.

दुसरा अभ्यास अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातला, 2016 साली प्रसिद्ध झालेला. त्यात कर्करोग झालेल्यांची आणि न झालेल्यांची तुलना होती. टॉन्सिल काढलेल्यांत टॉन्सिलच्या कर्करोगाचे गुणोत्तर 0.22 आले, परंतु जिभेच्या मुळाच्या कर्करोगाचे 1.95, म्हणजे जवळजवळ दुप्पट. डेन्मार्कमध्ये ही वाढ दिसली नव्हती, त्यामुळे दुपटीचा हा आकडा मी स्वतः सावधपणे घेईन. तरीही दोन्ही अभ्यास एका मुद्द्यावर एकमेकांना दुजोरा देतात: जिभेच्या मुळाला टॉन्सिल काढल्याने संरक्षण मिळत नाही.

आणि पाऊलवाट, दोघा भावांच्या तुलनेबद्दल एक सांगायला हवे. एकाचे टॉन्सिल काढले, त्याला कर्करोग झाला नाही. दुसऱ्याचे राहिले, त्याला झाला. ही जोडी मनाला पटकन पटते, पण टॉन्सिल शाबूत असलेल्या अफाट बहुसंख्य माणसांना हा कर्करोग कधीच होत नाही. तुमचे टॉन्सिल राहिले असते तरी तुम्हाला तो झाला नसता, हीच शक्यता कितीतरी मोठी आहे.

आडवळण

वाचतो आहे. एक शंका: अवयवच काढून टाकला तर त्या अवयवाचा कर्करोग 60 टक्के नव्हे, 100 टक्के कमी व्हायला हवा. उरलेल्या 40 टक्क्यांत कर्करोग नेमका होतो कशाला?

कंठमणी

रास्त शंका. टॉन्सिल म्हणजे फळासारखे देठापासून तुटून येणारे काही नव्हे. खालच्या टोकाशी तो जिभेच्या टॉन्सिलमध्ये हळूहळू मिसळत जातो आणि तिथे शस्त्रक्रिया करणाऱ्याला कुठेतरी थांबावेच लागते. पूर्वी गिलोटिन नावाच्या अवजाराने काही सेकंदांत टॉन्सिल छाटत, तेव्हा तुकडे मागे राहणे नित्याचेच होते. आजही घोरण्याच्या किंवा झोपेत श्वास अडण्याच्या तक्रारीसाठी अनेक मुलांचे टॉन्सिल मुद्दामच अर्धवट काढले जातात, कारण त्यात वेदना आणि रक्तस्राव कमी होतो. अशा मुलांत खळग्यांचा काही भाग शिल्लक राहतो.

शिवाय टॉन्सिलच्या कोनाड्यालगतचे पडदे नोंदीत टॉन्सिलच्याच नावावर जातात, आणि सगळे टॉन्सिलचे कर्करोग एचपीव्हीमुळे होत नाहीत. तंबाखू आणि दारू यांच्यामुळे होणारे कर्करोग खळग्यांसाठी अडून बसत नाहीत, ते वरच्या अस्तरातही होतात.

जुनीपाने

शस्त्रक्रियेच्या इतिहासाचा एक धागा इथे जोडावासा वाटतो, कारण आज साठी-सत्तरीत असलेल्या पिढ्यांचे घसे ज्या काळात घडले, तो काळ ध्यानात घेतल्याशिवाय हे आकडे उलगडत नाहीत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉन्सिल काढणे हा पाश्चात्त्य देशांत जवळजवळ बालपणाचा संस्कारच झाला होता. 1934 साली न्यूयॉर्कमध्ये झालेली एक पाहणी प्रसिद्ध आहे. शाळकरी वयाच्या 1000 मुलांपैकी 611 जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेल्या 389 मुलांना डॉक्टरांसमोर उभे केले, तेव्हा त्यांनी 174 जणांना शस्त्रक्रिया सुचवली. ‘गरज नाही’ म्हणून सोडलेल्या 215 मुलांना दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, त्यांनी 99 जणांना सुचवली. पुन्हा राहिलेल्यांना तिसऱ्यांदा दाखवले, तर तिथेही जवळपास निम्म्यांवर बोट ठेवले गेले, आणि अखेर हजारात 65 मुले अशी उरली की ज्यांना कोणीच शस्त्रक्रिया सांगितली नव्हती. घसा पाहून निर्णय होत नव्हता; समोर आलेल्यांपैकी साधारण निम्म्यांचे काढायचे, ही सवय निर्णय घेत होती. इंग्लंडमध्ये 1938 साली ग्लोव्हर या डॉक्टरांनी दाखवून दिले की शेजारशेजारच्या जिल्ह्यांतही या शस्त्रक्रियेच्या प्रमाणात अनेक पटींचा फरक आहे आणि त्याला आजारपणाचे कोणतेही स्पष्टीकरण देता येत नाही.

पुढे पेनिसिलिन आले, काटेकोर चाचण्यांची मागणी वाढली आणि ही लाट ओसरली. साहजिकच, 1930 च्या दशकातल्या मुलांच्या तुलनेत 1960 नंतर जन्मलेल्या कितीतरी अधिक मुलांचे टॉन्सिल शाबूत राहिले. शतकाच्या अखेरीपासून घशातला एचपीव्हीचा कर्करोगही वाढलेला दिसू लागला. अमेरिकेतल्या जतन केलेल्या नमुन्यांची तपासणी 2011 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात घशाच्या या भागातल्या कर्करोगांपैकी एचपीव्ही असलेल्यांचे प्रमाण 1984 ते 1989 या काळात 16.3 टक्के होते, ते 2000 ते 2004 या काळात 71.7 टक्क्यांवर गेले. टॉन्सिल काढणे कमी झाले म्हणूनच हे घडले, असे म्हणण्याचा मोह मला आवरावा लागतो. कारण त्याच दशकांत लैंगिक वर्तन बदलले आणि धूम्रपानही घटले, तेव्हा तिन्ही ओघ एकाच पात्रात मिसळले आहेत.

विदावेडा

जुनीपाने यांच्या सावधपणाशी सहमत आहे. त्यात एवढीच भर: टॉन्सिल नसण्याने जिभेच्या मुळाचे कर्करोग कमी होत नाहीत, हे वर आलेच आहे. तेही बऱ्याच देशांत वाढले आहेत. त्यांच्या वाढीला ‘टॉन्सिल काढणे थांबले’ हे कारण लागूच पडत नाही. म्हणजे मुख्य ओघ विषाणूच्या प्रसाराचा, आणि शाबूत टॉन्सिल हा त्याला मिळालेला एक फाटा.

खडीसाखर

मला एक रोखठोक प्रश्न विचारायचा आहे. 60 टक्के जोखीम कमी होत असेल तर सगळ्याच मुलांचे टॉन्सिल का काढू नयेत? पाऊलवाट यांच्या घरचे लोक जे म्हणतात, त्यात चूक ती काय?

कंठमणी

60 टक्के कशाचे, हे पाहावे लागेल. समजा, आणि हे निव्वळ उदाहरणासाठी, एखाद्या समाजात 1000 माणसांपैकी तिघांना आयुष्यात कधीतरी टॉन्सिलचा कर्करोग होतो. त्या हजारांचेही टॉन्सिल लहानपणी काढले, तर डेन्मार्कच्या हिशेबाने तिघांऐवजी एकाला, फार तर दोघांना होईल. म्हणजे 1000 मुलांना भूल द्यायची, 1000 घसे कापायचे, आणि पन्नास वर्षांनी दोघांहूनही कमी माणसांचा एक कर्करोग टळेल. तोही असा कर्करोग, की ज्याच्या विषाणूवर आज लस उपलब्ध आहे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे, ते मी हाताने हाताळलेले आहे. या शस्त्रक्रियेनंतर शंभरातल्या दोन-चार मुलांना रक्तस्राव होतो. तो पहिल्या चोवीस तासांत होऊ शकतो, नाहीतर पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान, जखमेवरची पांढरी खपली सुटताना. रात्री दोन वाजता मूल उशीवर रक्त ओकते, आई टॉवेलमध्ये गुंडाळून त्याला घेऊन येते, आणि आम्ही त्याला पुन्हा भूल देतो; रक्ताने भरलेल्या पोटावर दिलेली ही भूल पहिल्या भुलीपेक्षा धोक्याची असते. बहुतेक मुले यातून सुखरूप बाहेर पडतात. पण क्वचित मृत्यूही झालेले आहेत, आणि निरोगी मुलाच्या बाबतीत ‘क्वचित’ हा शब्द फार जड होतो.

शिवाय 2018 साली डेन्मार्कमधूनच जवळपास 12 लाख मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वयाच्या नवव्या वर्षाआधी टॉन्सिल काढलेल्यांना पुढे, तिशीपर्यंतच्या काळात, वरच्या श्वसनमार्गाचे आजार होण्याची सापेक्ष जोखीम जवळजवळ तिप्पट दिसली. ज्यांना मुळातच जास्त संसर्ग होतात त्यांचेच टॉन्सिल काढले जातात, असा आक्षेप त्यावर घेता येतो, आणि तो मलाही काही अंशी पटतो. पण ‘टॉन्सिलचा उपयोग काय, काढून टाका’ असे आता कोणीही सहजपणे म्हणू नये, एवढे या अभ्यासाने नक्की केले.

नातवाबद्दल: घसादुखीसाठी टॉन्सिल काढण्याचा प्रचलित निकष असा, की एका वर्षात किमान सात वेळा, किंवा सलग दोन वर्षे दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षे दरवर्षी तीन वेळा ताप, सूज किंवा पू यांसह नोंदवलेला घशाचा संसर्ग असावा. वर्षात चार वेळा हे त्यात बसत नाही. यापेक्षा कमी त्रास असलेली बहुतेक मुले वाट पाहिल्यावर आपोआप सुधारतात. तो झोपेत श्वास रोखून धरतो का, दचकून उठतो का, एवढे मात्र रात्री उशाशी बसून पाहा. तसे असेल तर विचार वेगळा करावा लागेल, आणि त्याचे कारण श्वास असेल, आजोबांचा आजार नव्हे.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीत काम करते. भावाच्या रिपोर्टबद्दल थोडे लिहिते, कारण निदान ऐकल्यावर घरातल्यांना ‘विषाणू’ हा शब्द अधिक भयंकर वाटतो आणि वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे.

त्यांच्या रिपोर्टवर बहुधा ‘पी16 पॉझिटिव्ह’ असे लिहिलेले असेल. एचपीव्हीच्या कर्करोग घडवणाऱ्या दोन प्रथिनांपैकी ई6 हे पेशीचा पी53 हा पहारेकरी नष्ट करते आणि ई7 हे आरबी नावाच्या लगामाला निकामी करते. लगाम सुटला की पेशी तो पुन्हा आवळण्यासाठी पी16 हे प्रथिन भरमसाट बनवू लागते. आम्ही काचपट्टीवर डाग देतो तेव्हा पूर्ण गाठ तपकिरी रंगाने भरून येते. एकदा पाहिलेले ते चित्र विसरत नाही. मूळ गाठ मात्र कित्येकदा खळग्याच्या तळाशी काही मिलिमीटरची असते, वरून टॉन्सिल अगदी निरोगी दिसतो, आणि रुग्णाला पहिल्यांदा कळते ते मानेतल्या न दुखणाऱ्या गाठीमुळे. तुमच्या भावाचे हेच झाले.

या कर्करोगाची उपचारांना साथ चांगली मिळते. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण एचपीव्ही असलेल्यांत 82.4 टक्के, तर नसलेल्यांत 57.1 टक्के होते. फरक एवढा स्पष्ट होता की पुढे या कर्करोगासाठी टप्प्यांची वर्गवारीच वेगळी करण्यात आली. सिगारेट न ओढणाऱ्यांचे निकाल आणखी चांगले असतात.

लहान मुलासाठी काही करायचेच असेल तर ते योग्य वयात लस देणे हे आहे, आणि हे मुलग्यांनाही लागू आहे, कारण घशाचा हा कर्करोग पुरुषांत कितीतरी अधिक आढळतो. कोस्टा रिकातल्या तरुण स्त्रियांच्या चाचणीत, लस दिल्यानंतर सुमारे चार वर्षांनी तोंडातल्या नमुन्यांत एचपीव्ही 16 किंवा 18 सापडले ते लस न मिळालेल्या गटात 15 जणींना आणि लस मिळालेल्या गटात एकीला. हे संसर्गाबद्दलचे आकडे आहेत. कर्करोग टळल्याचे आकडे यायला दशके लागतील, कारण संसर्ग आणि गाठ यांच्यातले अंतरच तेवढे असते. पण लस टॉन्सिल आणि जिभेचे मूळ असा भेद करत नाही, आणि शस्त्रक्रियेशी तुलना करताना माझ्या मते हाच मुद्दा निर्णायक आहे.

पाऊलवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. नातवाची शस्त्रक्रिया तूर्त रहित झाली आहे. त्याची आई त्याच्या झोपेकडे लक्ष ठेवणार आहे आणि घसा सुजला की तारीख लिहून ठेवणार आहे.

एक शेवटची शंका. डेन्मार्कच्याच अभ्यासात मी वाचले की निदानाच्या आसपास, वर्षभराच्या आत, टॉन्सिल काढलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण चांगले होते. भावाला तर रेडिएशन आणि केमोथेरपी सांगितली आहे, टॉन्सिल काढायला सांगितलेले नाही. आम्ही विचारावे का?

कंठमणी

जरूर विचारा, विचारण्यात काही गैर नाही. पण तो आकडा वाचताना हे लक्षात घ्या की ज्यांची गाठ लहान आणि टॉन्सिलपुरतीच मर्यादित असते, त्यांचाच टॉन्सिल काढला जातो, आणि असे रुग्ण उपचार कोणताही केला तरी अधिक जगतात. गाठ किती मोठी आहे, मानेतल्या किती ग्रंथींत गेली आहे आणि त्या ग्रंथींच्या आवरणाबाहेर पडली आहे का, यावर शस्त्रक्रिया की रेडिएशन हे ठरते. स्कॅनचा रिपोर्ट सोबत न्या आणि हे तीनच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. तुमच्या स्वतःबद्दल: जिभेच्या मुळासाठी सरसकट करावी अशी कोणतीही चाचणी आज नाही, म्हणून दुर्बिणीने घसा पाहून घेण्यासाठी धावपळ करू नका. मानेत तीन आठवडे टिकणारी गाठ, एकाच बाजूला दुखणारा घसा किंवा गिळताना त्याच बाजूच्या कानात येणारी कळ यांपैकी काही झाले तर मात्र ‘माझे टॉन्सिल लहानपणीच काढलेत’ असे म्हणून घरी बसू नका.